तांबे मॅडमचं चौदा साल

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात तांबे मॅडमचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये नुसती प्लायवुडची भिंत होती. एका मोठ्या हॉलचे दोन वर्ग केलेले. मी अलीकडे अर्थशास्त्र शिकवायचो, त्या पलीकडे इतिहास. माझा आवाज बेताचा, त्यांचा खणखणीत. त्यामुळे माझ्या मुलांना मागणी-पुरवठ्याचा नियम येवो न येवो, पहिलं महायुद्ध मात्र चांगलं येत असे. एका पठ्ठ्याने तर माझ्याच पेपरात भाववाढीच्या उत्तरात ऑस्ट्रियाचा युवराज आणलेला.

मी कॉलेजात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती. मानपाड्याच्या बाजूच्या कारखान्यांचा आंबूस वास खिडकीतून येत होता आणि मुलं पेंगत होती. अचानक पलीकडे बाकं सरकल्याचा आवाज झाला, मग आरडाओरडा, मग कोणीतरी बाकावर उडी मारल्यासारखा धप्पकन आवाज. मी तावातावाने पलीकडे गेलो. बघतो तर सगळा वर्ग उभा. निम्मी पोरं बाकांवर चढलेली, एकमेकांकडे बोटं दाखवून ओरडतायत. आणि तांबे मॅडम खुर्चीत शांत बसून चष्मा पुसतायत.

"मॅडम, काय चाललंय हे?"

"जुलै महिना," त्या म्हणाल्या. "चौदा सालचा."

मग त्यांनीच मला बाजूला उभं करून प्रकार समजावला. प्रत्येक रांग म्हणजे एक देश. ही ऑस्ट्रिया, तो रशिया, ती जर्मनी, हा फ्रान्स. नियम एवढाच की कोणी कोणावर हल्ला करायचा नाही, फक्त तयारीत राहायचं. शेजारची रांग उभी राहिली तर आपणही उभं राहायचं, कारण उशीर झाला तर आपण मेलो. ते बाकावर चढले तर आपणही चढायचं. सगळं कसं छान शांत चाललेलं. मग ऑस्ट्रियाच्या रांगेतल्या एका मुलाचं पेन खाली पडलं आणि तो ते घ्यायला उठला.

"पुढचं आपोआप झालं," मॅडम म्हणाल्या.

"बरं, आता बसवा त्यांना."

"मी केव्हाची सांगतेय. तुम्ही सांगून बघा."

मी सांगितलं. जर्मनी म्हणाली, "सर, आधी त्यांना बसवा ना." रशिया म्हणाला, "आम्ही बसू सर, पण ते नाय बसणार. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नाय ते कसे आहेत." मी आवाज चढवला, तसे आणखी दोघं बाकावर चढले. शेवटी फ्रान्सच्या रांगेतली एक बुटकी मुलगी मटकन खाली बसली.

"मॅडम, माझे पाय दुखायला लागले."

ती बसली म्हणून तिची मैत्रीण बसली. मग समोरचा एक जण ओशाळून बसला, आणि बघता बघता सगळा वर्ग खाली. मॅडम उठल्या, त्या मुलीपाशी गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शाब्बास. युरोपात त्या महिन्यात एवढीच एक मुलगी कमी होती."

मी भांडायला गेलेलो. तास संपेपर्यंत तिथेच मागच्या बाकावर बसून राहिलो.

सरोज तांबे हे त्यांचं पूर्ण नाव, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना तांबे मॅडमच म्हणत. ठेंगणा बांधा, सुती साडी, खांद्याला एक पुस्तकांनी फाटत आलेली कापडी पिशवी. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये त्या वाढल्या. घरात आई-वडील, चार भावंडं आणि भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. खिडकीबाहेर यार्ड. यजमान डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत होते, ते लवकर गेले. त्यानंतर मुलगा सुमेध आणि त्या, असा दोघांचा संसार. पण हे सगळं मला हळूहळू कळलं. स्वतःबद्दल बोलायची त्यांना फारशी आवड नव्हती. त्यांना आवड होती ती चौदा सालाबद्दल बोलायची.

त्या वर्षी युरोपातल्या मोठ्या देशांनी फौजा कशा गोळा केल्या, कोणाचे हुकूम केव्हा निघाले, कोणी माघार घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याला कोणी अडवलं, हे त्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये काल घडल्यासारखं सांगायच्या. त्यातली एक गोष्ट त्यांची विशेष लाडकी. ऐन मोक्याच्या वेळी जर्मनीच्या सम्राटाला वाटलं की फ्रान्स कदाचित लढणारच नाही, तेव्हा सगळी फौज फक्त रशियाकडे पाठवू. त्याच्या सेनाप्रमुखाने हात वर केले. म्हणाला, लाखो माणसांच्या गाड्यांचं वेळापत्रक वर्षानुवर्षं खपून बसवलंय, ते आता बदलता येणार नाही.

"आणि सम्राट गप्प बसला!" मॅडम टेबलावर हात आपटायच्या. "मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेय. गाड्या उशिरा येतात, रद्द होतात, अर्ध्यातून उलट्या फिरतात. गाडी वळवता येत नाही हे मला कोणी सांगू नये. युद्ध संपल्यावर त्यांच्याच रेल्वे खात्यातल्या अधिकाऱ्याने कागदावर मांडून दाखवलं की वळवता आल्या असत्या. तोवर माणसं मेलेली."

'युद्ध अटळ होतं' असं वाक्य त्या वर्गात बोलू द्यायच्या नाहीत. गाइडमध्ये ते वाक्य असायचं, मुलं पाठ करून यायची. मॅडम त्यावर लाल रेघ मारायच्या. एका वर्षी त्यांच्या एका विद्यार्थ्याने वार्षिक परीक्षेत लिहिलं की युद्ध अमुक अमुक ठिकाणी थांबवता आलं असतं, आणि तपासणाऱ्याने त्याचे गुण कापले. मॅडम थेट पेपर तपासणीच्या केंद्रावर गेल्या. तिथले प्रमुख म्हणाले, नमुना उत्तरात असं नाहीये. मॅडम म्हणाल्या, "नमुना उत्तर बदला." ते हसले. मॅडम हसल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर पिशवीतली पुस्तकं मांडून दिवसभर बसल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परीक्षकाला बसवून घेऊन तो प्रश्न विचारू लागल्या. संध्याकाळी त्या मुलाचे गुण वाढले. मला वाटतं, त्यांचा मुद्दा पटला म्हणून नव्हे, त्या घरी जाव्यात म्हणून.

"चालेल," दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या. "पाय दुखले म्हणून बसले तरी बसलेच ना."

त्यांची आणखी एक सवय कॉलेजभर प्रसिद्ध होती. त्या कोणाचाही फोन उचलायच्या. भर तासात वाजला तरी. अनोळखी नंबर, कर्ज विकणारे, फ्लॅट विकणारे, चुकून लागलेले. "बोल बाळा. नाही, कर्ज नको मला. तू जेवलास का?" असं त्यांचं चाललेलं असायचं. मुलं हसायची. मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी त्याचाही संबंध चौदा सालाशी लावला. रशियाच्या झारने सगळ्या फौजेला निघायचा हुकूम दिला, मग घाबरून मागे घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचं मन पुन्हा वळवण्यात आलं. तेव्हा त्याच्या एका सेनापतीने सांगून ठेवलं होतं की, या वेळी हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोनच फोडून टाकतो. म्हणजे झारला पुन्हा मत बदलावंसं वाटलं तरी मी सापडणार नाही.

"या सगळ्या गोष्टीत मला त्या माणसाचा राग येतो," मॅडम म्हणाल्या. "लढणाऱ्याचा येत नाही इतका. फोन फोडणाऱ्याचा येतो."

सुमेधला फौजेत जायचं होतं. कॉलेजमागच्या मैदानावर पहाटे भरतीची पोरं धावायची, त्यात तो असायचा. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटलं, आता घरात महायुद्ध होणार. तसं काही झालं नाही. मॅडमनी त्याला धावायचे चांगले बूट आणून दिले. कोणीतरी खोचकपणे विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्याला अडवणं हे माझं काम नाही. त्याला जे पाठवणार, त्यांना प्रश्न विचारणं हे माझं काम." सुमेध भरती झाला. त्याचं लग्न झालं, अश्विनी सून म्हणून आली. ती ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका आयटी कंपनीत होती, रोज डोंबिवलीहून जाऊन-येऊन करायची. तिला मुलगी झाली, आणि सुमेध रजा घेऊन नामकरणासाठी घरी आला.

त्या दिवसांत सीमेवर वातावरण तापलेलं होतं. टीव्हीवर चोवीस तास नकाशे आणि बाण. कॉलेजच्या कँटीनमध्ये पोरं कुठलं विमान किती लांब जातं यावर पैजा लावत होती. नामकरण मॅडमच्या कॉलनीतल्या विहारात होतं. मी ठाण्याहून, टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरून, गाडी घेऊन गेलेलो. वंदना झाली, बाळाला पाळण्यात घातलं, सुमेधची चुलत बहीण आत्या म्हणून बाळाच्या कानाशी वाकली. तेवढ्यात सुमेधचा फोन वाजला. तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"रजा रद्द?" त्यांनी विचारलं.

"हो. लगेच निघायला सांगितलंय. सगळ्यांच्या रद्द झाल्यात."

अश्विनीने बाळाला छातीशी घेतलं. मॅडम म्हणाल्या, "आधी जेव." त्याला त्यांनी स्वतः वाढलं. तो जेवत असताना त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, त्याच्या ताटाकडे बघत होत्या. भात संपला की भात वाढायच्या.

दुपारी मी सुमेधला आणि मॅडमना कल्याण स्टेशनला घेऊन गेलो. अश्विनी बाळामुळे घरी थांबली. उत्तरेकडे जाणाऱ्या लांबच्या गाडीचा प्लॅटफॉर्म माणसांनी भरलेला. त्यात सुमेधसारखे आणखी बरेच होते. हिरव्या बॅगा, बारीक कापलेले केस, मध्येच बोलावलेली माणसं. कुठल्याशा मंडळाची पोरं झेंडे आणि झेंडूचे हार घेऊन आलेली. घोषणा चालू होत्या. एकाच्या हातात मोबाइल, तो सगळं शूट करत होता. त्यांनी सुमेधला बघितलं आणि घोळका इकडे वळला. पुढचा पोरगा हार घेऊन आला. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या.

"हार नको."

"आंटी, रिस्पेक्ट आहे आमचा."

"परत येईल तेव्हा घाला. येतानाची गाडी मी कळवते तुम्हाला. याल ना?"

पोरगा गांगरला. मागून कोणीतरी म्हणालं, "असं कसं बोलता आंटी? देशासाठी चाललाय तो."

"हो ना, देशासाठी चाललाय. आणि रिझर्व्हेशन नाहीये त्याचं. इथल्या एकाचंही नाहीये. दोन रात्री संडासाच्या दाराशी बॅगेवर बसून जाणार आहेत ही मुलं. तुमचा रिस्पेक्ट असेल तर त्यांना बसायला जागा करून द्या."

एक क्षण घोषणा थांबल्या. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. त्या हारवाल्या पोराने हार मित्राच्या हातात कोंबला आणि गाडी लागल्याबरोबर डब्यात घुसला. "ओ काका, सरका जरा! ए भाई, बॅग उचल, जवान आहेत!" त्याच्यामागे सगळं मंडळ. खिडक्यांतून बॅगा आत गेल्या, माणसं सरकली, कोणी वरचा बर्थ सोडला. प्लॅटफॉर्मवरच्या सगळ्या जवानांना कुठे ना कुठे टेकायला जागा मिळाली. सुमेधला खिडकी मिळाली. तो आतून हसत होता. मॅडमनी खिडकीच्या गजांतून त्याच्या हातावर हात ठेवला. "पोचलास की फोन कर. आणि माझा आला की उचल." गाडी हलली.

परत येताना गाडीत त्या अचानक बोलू लागल्या. चौदा सालच्या गाड्यांवर पोरांनी खडूने लिहिलं होतं म्हणे, अमुक गावाची सहल. बायकांनी बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली होती. "परत येणाऱ्या गाड्यांना कोणी फुलं लावली नाहीत. त्या गाड्या बाजूच्या रुळावर थांबवून ठेवायचे, लोकांना दिसू नयेत म्हणून."

पत्रीपुलावर गाड्या तुंबलेल्या. मॅडम बाहेर बघत होत्या.

"सर, बाळाचं नाव काय ठेवलं हो? फोन वाजला आणि माझं ऐकायचंच राहिलं."

"सांची," मी सांगितलं.

"सांची," त्या म्हणाल्या. "बरं झालं. छान आहे." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "उद्या पहिला तास माझा आहे ना?"

दोन-तीन दिवसांनी कॉलेजच्या पटांगणात सभा ठेवली. सैन्याला पाठिंबा म्हणून. आमच्या संस्थेचे अध्यक्ष पाटील शेठ जातीने हजर होते. त्यांच्या आजोबांची खाडीलगत मिठागरं होती, वडिलांची भातशेती. आता त्या जागेवर टॉवर उभे होते आणि एका तुकड्यावर आमचं कॉलेज. माणूस मनाने मोकळा, आवाजाने मोठा. भाषणं झाली. शत्रूला एकदाचं संपवून टाका, असा सगळ्यांचा सूर. मग शेठनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्या तांबे मॅडमचा पोरगा सीमेवर गेलाय. मॅडम, तुमी दोन शब्द बोलाच. आमच्या पोरांना जोश येल. या, वीरमाता, या!"

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडम जागेवरून उठल्या, माइकपाशी गेल्या. टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"शेठ, तुम्ही मला वीरमाता म्हणालात. हा शब्द ज्यांचा मुलगा गेला त्यांच्यासाठी आहे. माझा मुलगा जिवंत आहे. मी अजून नुसती आई आहे. मला वीरमाता करायची घाई करू नका."

मग त्या मुलांकडे वळल्या.

"इथे प्रत्येकाने म्हटलं, संपवून टाका. कोण संपवणार? माझा मुलगा. तो त्याचं काम करेल. ते करताना मागेपुढे बघणार नाही, मी ओळखते त्याला. पण तो तिकडे उभा असताना इकडे आपलं काम काय? ओरडणं? आपलं काम आहे विचारणं. दुसरा काही रस्ता उरलाय का, कोणी कोणाशी बोलतंय का, हे रोज विचारणं. आपण विचारायचं थांबलो तर ज्यांच्या हातात हुकूम आहे त्यांना थांबायचं कारण उरत नाही. मी वर्गात हेच शिकवते. आज पटांगणात सांगितलं एवढंच."

त्या जागेवर जाऊन बसल्या. माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडे. त्यातलं 'माझा मुलगा त्याचं काम करेल' हे कापलेलं आणि बाकीचं ठेवलेलं. देशद्रोही, विकली गेलेली, असल्या बाईला शिकवू कसं देता. कोणीतरी त्यांचा नंबर पसरवला आणि फोन सुरू झाले. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, फोन बंद ठेवा. अश्विनीने हात जोडले. पण मॅडमनी एकही फोन सोडला नाही.

"बोला. हो, तीच मी. ऐकतेय, बोला." शिव्या ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "झालं? आता मी बोलू?" बहुतेक जण फोन आपटायचे. काही ऐकायचे. एक जण तावातावाने सुरू झाला आणि मध्येच अडखळला. "मॅडम... तांबे मॅडम का? डोंबिवलीच्या? मी तुमच्या वर्गात होतो. रशियाच्या रांगेत."

"मग बस आता खाली," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्य सबनीस सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. शेठही होते. सोबत कोणी हवं म्हणून मॅडमनी मला नेलं. सबनीस सर सज्जन माणूस, भांडणाची भीती वाटणारा.

"तांबे मॅडम, आपण दोन ओळींची दिलगिरी लिहून द्यावी. आपला हेतू शुद्ध होता हे आम्ही जाणतो. परंतु प्रकरण आता माझ्या हातात राहिलेलं नाही."

"मग कोणाच्या हातात आहे? नाव सांगा, मी जाऊन बोलते."

"तसं नाव असं... वरून दबाव आहे. आपण समजून घ्या."

"सर, माझ्या हातात काही राहिलं नाही, हे वाक्य म्हणणारी माणसं मी जन्मभर शिकवतेय. सम्राट होते, प्रधान होते, सेनापती होते. सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं. तुमच्याही आहे. पेन आहे. तुम्ही लिहा की तांबे मॅडमनी काही चूक केलेली नाही."

सबनीस सर पेनाकडे बघू लागले. शेठ खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, तुमी बोलल्यात ते मना नाय पटला. सपशेल नाय पटला. पन माफी मागाची का नाय ते तुमी ठरवा. मी जबरदस्ती नाय करनार." मग सबनीस सरांकडे वळून म्हणाले, "पोरगा हाय तिचा तिकडं. तिनं नाय बोलाचा तर कोनी बोलाचा?"

दिलगिरी लिहिली गेली नाही. मॅडमना वर्गावरून काढलं नाही. पण पुढच्या वर्षी इतिहासाला विद्यार्थी कमी आहेत म्हणून विभाग बंद करायचं ठरलं, आणि त्याला शेठनीही हरकत घेतली नाही. आधीच्या तुकड्या संपेपर्यंत मॅडम शिकवत राहिल्या. शेवटच्या वर्षी समोर मोजकी मुलं उरली होती. त्यांच्यासाठीही त्या तेवढ्याच आवाजात बोलायच्या. माझ्या वर्गाला ऐकू जायचंच.

सीमेवरचं मात्र निवळलं. त्या सभेनंतर फार दिवस लागले नाहीत. टीव्हीवरचे बाण नाहीसे झाले, पोरं पुन्हा क्रिकेटवर पैजा लावू लागली. कुठेतरी कोणी कोणाला फोन केला, कोणी तो उचलला. सुमेधचा फोन आला तेव्हा मॅडम स्टाफरूममध्ये होत्या. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, काय बोललीस तू तिकडे? इथे सगळ्यांनी बघितलं."

"मग? ओरडले का तुला?"

"नाही गं. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, तुझ्या आईने माझ्या बायकोच्या मनातलं सांगितलं. तुला जयहिंद सांगितलाय त्यांनी."

मॅडमनी नुसता फोन कानाला लावला, स्पीकर चालू असतानाच. सुमेध पलीकडून "आई? आई?" करत होता, आणि त्या ऐकत उभ्या होत्या.

निवृत्त झाल्यावर त्या अश्विनीच्या सोयीसाठी घोडबंदर रोडला राहायला गेल्या. चोविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी ठाण्याचाच, तरी त्या रस्त्याच्या ट्रॅफिकमुळे जाणं व्हायचं नाही. फोनवर बोलणं व्हायचं. तिथेही त्यांनी सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना गोळा करून शनिवारचा इतिहासाचा वर्ग काढला होता आणि सेक्रेटरीशी क्लबहाउसवरून भांडण मांडलं होतं. मग एक दिवस अश्विनीचा फोन आला. मॅडमना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. रविवारची सकाळ होती. दार अश्विनीने उघडलं. "सर, आईंना सगळं कळतं, पण बोलता येत नाही. एकच शब्द येतो," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. एखादा शब्द मागे राहतो."

मॅडम खिडकीजवळ खुर्चीत होत्या. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला.

"ओळखलंत ना मॅडम?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला.

तो एक शब्द उरला होता. होकारालाही तोच, नकारालाही तोच, चहा पाहिजे तरी तोच आणि नको तरी तोच. घरच्यांना सुरावरून कळायचं. सांची आता शाळेत जायला लागली होती. आजीच्या मांडीला टेकून ती चित्रांच्या पुस्तकातलं बोटाने दाखवत होती. "आजी, हा हत्ती ना?" "नाही," आजी म्हणायची, लाडाने. "मग घोडा?" "नाही!" सांची खदखदून हसायची.

मी ओळखत होतो त्या बाईकडे शब्दांची कधी टंचाई नव्हती. त्यातले सगळे गेले आणि हाच राहिला, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण नवल वाटलं नाही.

तेवढ्यात व्यायाम करून घेणारी मुलगी आली. तिने मॅडमना उभं केलं, काठीच्या आधाराने हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. उजवा पाय ओढत, ओठ आवळून त्या चालल्या. दोन फेऱ्यांत घाम फुटला.

"आजी, आज एवढं पुरे. बसा आता."

"नाही."

"थकाल आजी."

"नाही!"

तिसरी फेरी झाली. त्या मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली. "रोज असंच करतात हो. मीच थकते."

मी निघायला उठलो. सुमेधबद्दल थोडं बोललो, तो कुठल्या पोस्टिंगला आहे, कधी येणार आहे वगैरे. मॅडम लक्ष देऊन ऐकत होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बसा मॅडम. दारापर्यंत येऊ नका, मी जातो."

"नाही," त्या म्हणाल्या.

अश्विनी धरायला पुढे झाली. त्यांनी तिला डाव्या हाताने बाजूला केलं. भिंतीला हात लावत, पाय ओढत त्या हॉल ओलांडून दारापाशी आल्या, उंबऱ्यातून बाहेर आल्या आणि लॉबीतल्या भिंतीला धरून लिफ्टच्या दिशेने निघाल्या. मी शेजारून त्यांच्या पावलाने चालत होतो, हात न लावता. लिफ्ट आली, दार उघडलं. आम्ही अजून अर्ध्यावर होतो. दार बंद झालं, लिफ्ट खाली गेली. त्या थांबल्या नाहीत. लिफ्टपाशी पोचल्यावर त्यांनी भिंतीवरचा हात काढला, ताठ उभ्या राहिल्या आणि बटण स्वतः दाबलं.